टवेराचे इंजिन आणि आपले जर्नल

कॅम्पसचे दिवस आले की होस्टेलवर दुसरा विषय नसतो. कोणती कंपनी येणार, पॅकेज किती, बॉन्ड किती वर्षांचा, आणि सगळ्यात शेवटी ठरलेला प्रश्न : "कंपनीचं नाव आहे का?" नाव असेल तर पगार थोडा कमी चालतो, पोस्टिंग लांबची चालते, घरचेही खूश. गावाकडे चार लोकांत सांगता येते ना!

पण मित्रांनो, हे नाव म्हणजे नेमके काय असते? ते तयार कोण करतो? टीव्हीवरची जाहिरात, शोरूमच्या काचा, की सुटाबुटातला साहेब? मला विचाराल तर यांपैकी कोणीही नाही. कंपनीचे नाव टेस्ट बेडवर रीडिंग लिहिणारा आणि ड्रॉइंगवर सही करणारा माणूस तयार करतो. आणि घालवायचे झाले तर तोच घालवतो. म्हणजे उद्याचे आपणच! हे माझे मत पटवून देण्यासाठी मी एक कंपनी निवडली आहे, जनरल मोटर्स. एकेकाळची जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात जनरल मोटर्स म्हटले तर चटकन कोणाला कळणार नाही. पण टवेरा म्हणा, लगेच डोळ्यांसमोर येईल! कमांडर, ट्रॅक्स, क्रूझरच्या गर्दीत टवेरा म्हणजे जरा इज्जतीची गाडी. सुरतला पेशंट न्यायचा असो, वणीच्या गडावर जायचे असो, नाहीतर लग्नात नवरदेव बसवायचा असो, गावातली टवेरा आधी सांगून ठेवावी लागे. कोंडाईबारीच्या घाटात आणि चांदसैलीच्या वळणांवर दहा-दहा माणसे घेऊन तिने संसार केला. ती २००४ मध्ये बाजारात आली. मूळ डिझाइन जपानच्या इसुझुचे, नाव शेव्हरोलेचे, मालकी जनरल मोटर्सची आणि कारखाना शेजारच्या गुजरातेत हालोलला. या गाडीकडे मी नंतर येतोच. आधी कंपनीची थोडी ओळख करून घेऊ.

घोडागाडीवाल्याची मोटार कंपनी

१६ सप्टेंबर १९०८ रोजी विल्यम ड्युरांट या गृहस्थाने जनरल मोटर्सची स्थापना केली. तिचे मूळ गाव अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले फ्लिंट. हा माणूस घोडागाड्यांचा मोठा कारखानदार. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहत फिरणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून बरे वाटेल! ब्यूइक कंपनी त्याच्या हातात होतीच. ओल्ड्समोबाइल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या त्याने एकामागून एक घेतल्या. कर्ज इतके झाले की १९१० मध्ये बँकवाल्यांनी त्याला बाजूला केले. पण गडी स्वस्थ बसला नाही. लुई शेव्हरोले या रेसिंग ड्रायव्हरला बरोबर घेऊन १९११ मध्ये त्याने शेव्हरोले कंपनी काढली आणि तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत ताब्यात घेतली. १९२० मध्ये पुन्हा बाहेर! १९३६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. एवढे साम्राज्य उभे करणारा माणूस उतारवयात फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवत होता.

पण ड्युरांटच्या खटपटींनी कंपनी मोठी झाली, नाव झाले ते इंजिनिअर लोकांमुळे. एक उदाहरण मेट्रॉलॉजीच्या पहिल्याच तासाला सांगावे असे आहे. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलल्या. तिन्हींचे सुटे भाग एकत्र करून मिसळले आणि त्या ढिगातून साध्या पान्यांनी पुन्हा तीन गाड्या जोडल्या. कानस नाही, ठोकाठोकी नाही. नंतर त्या गाड्या ट्रॅकवर ५०० मैल पळवल्या. त्या काळी प्रत्येक गाडीचा भाग त्याच गाडीत बसायचा, म्हणून लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. आपण 'लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्स' हे प्रकरण पाच मार्कांसाठी पाठ करतो. कॅडिलॅकला त्या प्रकरणाने ड्युअर ट्रॉफी मिळवून दिली. दुसऱ्याच वर्षी ही कंपनी जी.एम.ने विकत घेतली.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला. त्याआधी पुढून हँडल मारून गाडी चालू करायची आणि हँडल उलटे फिरले की मनगट मोडायचे. १९२३ मध्ये अल्फ्रेड स्लोन अध्यक्ष झाला, तो एम.आय.टी.चा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. फोर्ड एकच मॉडेल सगळ्यांना विकत होता, स्लोनने प्रत्येक खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी काढली आणि फोर्डला मागे टाकले. १९३१ पासून २००७ पर्यंत विक्रीत जी.एम.चा जगात पहिला नंबर होता. १९५२ मध्ये तर जी.एम.च्या संशोधन विभागाने डॉ. डॉड्रिल यांच्यासाठी हृदयाचे काम करणारा पंप बनवला आणि डेट्रॉइटमध्ये त्याच्या मदतीने शस्त्रक्रिया यशस्वी झाली. म्हणजे नाव उगाच झाले नव्हते, कमावलेले होते.

त्याच प्रयोगशाळेची दुसरी बाजू

आता दुसरी बाजू. आय.सी. इंजिन शिकताना आपण 'नॉकिंग' शिकतो. जी.एम.च्याच प्रयोगशाळेत डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिजली याला त्यावर औषध सापडले, टेट्रा-इथाइल लेड. पेट्रोलमध्ये किंचित मिसळले की नॉकिंग बंद. शिसे विषारी असते ही गोष्ट तेव्हाही माहीत होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवताना कामगारांना वेड लागल्यासारखे झाले, काही दगावले. तरीही ते विकले गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि जगातून पूर्ण जायला २०२१ उजाडले. सापडले एका टेबलावर, निस्तरायला शंभर वर्षे! गंमत पाहा, १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत जी.एम.ने गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवले, आणि शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून शिसे नसलेले पेट्रोल लागू लागले. आपणच लावलेली सवय आपल्यालाच मोडावी लागली.

१९६० ची शेव्हरोले कॉर्व्हेर ही मागे इंजिन असलेली गाडी. वळणावर तिचे मागचे सस्पेन्शन धोक्याचे आहे, असे राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये पुस्तकात लिहिले. कंपनीने काय करावे? चाचण्या करून उत्तर द्यावे, नाहीतर दुरुस्ती करावी. कंपनीने त्याच्या मागे खासगी गुप्तहेर लावले! प्रकरण उघडकीला आले आणि मार्च १९६६ मध्ये जी.एम.च्या अध्यक्षाला अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी तिकडे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचणीत असे निघाले की कॉर्व्हेर तेव्हाच्या तशा इतर गाड्यांपेक्षा काही वाईट नव्हती. पण उपयोग काय? गाडीपेक्षा गुप्तहेरच लोकांच्या लक्षात राहिले.

आणि तिसरी गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या टेबलाजवळ चिकटवून ठेवावी अशी. २००० नंतरच्या दशकातल्या जी.एम.च्या काही लहान गाड्यांत इग्निशन स्विचमधला एक बारीक भाग होता. स्प्रिंगचा जोर ठरलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा कमी. चावीच्या जुडग्याचे वजन जास्त झाले किंवा गुडघा लागला की चावी चालू गाडीत 'रन'वरून घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, ब्रेकचा जोर कमी आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही उघडत नसे. स्पेसिफिकेशन पूर्ण होत नाही हे माहीत असताना तो भाग २००२ मध्ये मंजूर झाला. २००६ मध्ये एका इंजिनिअरच्या सहीने गुपचूप सुधारलाही गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला! झाले असे की नंतर तपास करणाऱ्यांना जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का दिसतो हेच वर्षानुवर्षे कळेना. २०१४ मध्ये शेवटी २६ लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर दंड भरण्याचे कबूल केले.

विचार करा. त्या सुधारलेल्या भागाची किंमत रुपयांत सांगायची तर चिल्लर. आणि पार्ट नंबर बदलायला काय लागते? ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या रकान्यात एक अक्षर! आपल्या ड्रॉइंग शीटवर 'रिव्हिजन'चा तो रकाना आपण रिकामा सोडतो, कारण सर त्याला मार्क देत नाहीत.

शिवडी, हालोल, तळेगाव

आता आपल्या देशात येऊ. जनरल मोटर्स भारतात आली ती १९२८ मध्ये, मुंबईत शिवडीला. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडून शेव्हरोले गाड्या, ट्रक आणि बस तयार व्हायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितले, नुसती जोडाजोड नको, गाडी इथे बनवणार असाल तरच राहा. १९५४ मध्ये जी.एम.ने शिवडीचा कारखाना बंद केला.

मग उदारीकरण आले आणि कंपनी १९९४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सचा हात धरून परत आली. हालोलला ओपेल अ‍ॅस्ट्रा निघू लागली. २००३ पासून शेव्हरोलेचे नाव आले. ऑप्ट्रा, टवेरा, स्पार्क, बीट या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला वर्षाला १ लाख ४० हजार गाड्यांच्या क्षमतेचा नवा कारखाना सुरू झाला. आपल्या भागातली आय.टी.आय. आणि डिप्लोमाची मुले तळेगाव-चाकणची बस पकडतात ती अशाच कारखान्यांच्या भरवशावर.

पण मुहूर्त कसा! पुढच्याच वर्षी, १ जून २००९ रोजी, अमेरिकेत जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकन सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून ती वाचवली आणि डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअर विकले तेव्हा सरकारचे १० अब्जांहून जास्त नुकसान झालेले होते. १९५३ मध्ये या कंपनीच्या माजी अध्यक्षाने सिनेटपुढे सांगितले होते की देशाच्या भल्यात जनरल मोटर्सचे भले आणि कंपनीच्या भल्यात देशाचे. शेवटी देशानेच कंपनीचे भले केले, तेही स्वतःच्या खिशातून!

डमी उमेदवार

आता टवेरा. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने २००५ ते २०१३ या काळातल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. कारण धुराचे, म्हणजे एमिशनचे. आपल्याकडे कंपनीला एकदा मंजुरी मिळाली की संपत नाही, पुढेही ठरावीक काळाने उत्पादनातली गाडी तपासली जाते. बाहेर पडणारी प्रत्येक गाडी मंजूर नमुन्यासारखीच आहे ना, हे त्यातून कळावे. इथेच गोम होती. कमी धूर सोडणारी इंजिने आधीच निवडून बाजूला काढली जात आणि तपासणीच्या गाडीत तीच बसवली जात. गाडीचे वजनही कागदावर वेगळे दाखवले गेले, कारण वजनाच्या गटावर धुराची मर्यादा ठरते. कंपनीनेच सरकारला कळवले की आपल्या माणसांनी नियम मोडले, आणि अनेक जणांना कामावरून काढले. सरकारी समितीने चौकशी करून कंपनीवर ठपका ठेवला. फोक्सवॅगनचे डिझेल प्रकरण जगभर गाजले ते २०१५ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधी तोच धडा आपल्या शेजारी हालोलला गिरवून झाला होता.

शहाद्याच्या एका गॅरेजवाल्याला मी हे सगळे सांगितले. त्याच्याकडे आजही टवेरा येतात. तो हात पुसत म्हणाला, "इंजिन दमदार होतं भाऊ, अजून चालतंय. मग परीक्षेला डमी बसवायची काय गरज होती?"

डमी! मला यापेक्षा चांगला शब्द सुचला नसता. परीक्षेला दुसराच पोरगा बसवायचा आणि पास भलत्याने व्हायचे. इंजिनिअरिंगच्या भाषेत आपण त्याला सँपल सिलेक्शन वगैरे म्हणू, पण गॅरेजवाल्याने एका शब्दात निकाल लावला.

पुढे काय झाले? एप्रिल २०१७ मध्ये हालोल बंद. त्याच वर्षाच्या शेवटी जी.एम.ने भारतात गाड्या विकणे थांबवले, तेव्हा बाजारातला तिचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. तळेगाव निर्यातीवर चालत राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. ग्रेट वॉल या चिनी कंपनीला कारखाना विकण्याचा करार २०२२ मध्ये बारगळला. शेवटी ह्युंदाईने २०२३ मध्ये करार करून जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. मधल्या काळात तळेगावचे सुमारे १४०० कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढत होते.

हे सगळे एका टवेरामुळे झाले असे मी म्हणणार नाही. गाड्यांची मॉडेल्स चुकली, मारुती-ह्युंदाईपुढे टिकाव लागला नाही, अमेरिकेतल्या मुख्य कचेरीने तोट्याचे देश सोडायचे ठरवले. पण गिऱ्हाईक सोडून जाते तेव्हा ते कारणांची यादी करत बसत नाही. त्याचा भरवसा उडालेला असतो, बस. आणि या सगळ्यात लाइनवर बोल्ट आवळणाऱ्या कामगाराचा दोष काय होता? डमी बसवणारे दुसरेच आणि नापास झाला तो.

"यात आपला काय संबंध?"

हा लेख लिहिण्याआधी मित्रांशी वाद झाला. एकाने विचारले, हे मॅनेजमेंटचे उद्योग, इंजिनिअरचा काय दोष? वरून दबाव आला तर बिचारा काय करणार? मुद्दा खोटा नाही. नोकरी, घरचे कर्ज, बहिणीचे लग्न, सगळे असते. पण इंजिन कोणते निवडायचे, ते मॅनेजिंग डायरेक्टरला कळत नाही. त्यासाठी टेस्ट सेलमधला जाणकार माणूसच लागतो. मॅनेजमेंटला खोटे हवे असेल तरी खोटे रीडिंग घ्यायला इंजिनिअरच लागतो! म्हणून तर आपल्या सहीला किंमत आहे.

दुसरा म्हणाला, सगळेच करतात. सगळेच करत असतील तर कॅडिलॅकच्या त्या तीन गाड्या खोलून दाखवणाऱ्यांनीही गुपचूप कानस मारली असती. त्यांनी मारली नाही, म्हणून शंभराहून जास्त वर्षांनी सुद्धा आपण त्यांचे नाव घेतो.

तिसऱ्याचा मुद्दा मला जास्त पटला. तो म्हणाला, माणसे वाईट नसतात, व्यवस्था त्यांना तसे करते. याचा पुरावाही जनरल मोटर्सकडेच आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथला तिचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. कामचुकार आणि भांडकुदळ कामगार म्हणून त्याची ख्याती! १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला आणि बरेचसे कामगार जुनेच घेतले. टोयोटाने एक केले, प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली. चूक दिसली तर ओढा, लाइन थांबेल, कोणी ओरडणार नाही, उलट मदतीला येतील. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून निघालेल्या गाड्या दर्जात जपानच्या तोडीस तोड ठरल्या. माणसे तीच होती, आता चूक सांगितल्याची शिक्षा मिळत नव्हती.

आपल्या हातातली दोरी

आता माझा खरा मुद्दा. आपल्या कॉलेजांत, आणि मी फक्त आपल्या कॉलेजबद्दल बोलत नाही, ही दोरी कोणाच्या हाताशी आहे का?

सबमिशनच्या आठवड्यात कोणत्याही होस्टेलवर चक्कर मारा. एक जर्नल आणि त्याभोवती आठ पेनं. मागच्या वर्षीच्या सीनिअरचे ऑब्झर्व्हेशन टेबल या वर्षी पुन्हा जसेच्या तसे. आय.सी. इंजिनच्या प्रॅक्टिकलला हीट बॅलन्स शीट काढताना 'अनअकाउंटेड लॉस' कधी उणे येतो. म्हणजे इंधनाने दिली त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर पडली! खरे तर इथून अभ्यास सुरू व्हायला हवा. थर्मोकपल बिघडले का, पाण्याचा फ्लो नीट मोजला का, इंजिन स्थिर व्हायच्या आधीच रीडिंग घेतले का? पण होते काय, आकडा मागून पुढे सरकवला जातो, उत्तर 'बरोबर' येते, सही मिळते. निवडलेले इंजिन टवेरात बसवणे आणि निवडलेले रीडिंग टेबलात बसवणे, फरक कितीसा आहे? एकाचा दंड मोठा, दुसऱ्याला मार्क मिळतात, एवढाच!

सर्व दोष विद्यार्थ्यांचा नाही, हेही स्पष्ट लिहितो. 'बरोबर' आकड्याला मार्क आणि खऱ्या आकड्याला 'रिपीट' असा शेरा मिळत असेल तर मुलगा काय शिकणार? आणि एखादी कमिटी येणार म्हटले की कुठल्याही कॉलेजात लॅबला रंग, मशीनला ग्रीस आणि बंद पडलेल्या सेटअपला झाकण! तपासणीचा दिवस वेगळा आणि रोजचा दिवस वेगळा हा धडा मुले फळ्यावरून शिकत नाहीत, भोवताली पाहून शिकतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, दोन सरांकडे आणि एक आपल्याकडे.

पहिली, प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी अर्धे पान 'रीडिंग असे का आले' यासाठी ठेवावे आणि टर्मवर्कचे काही मार्क त्याला द्यावेत. चुकलेले रीडिंग आणि त्याचे पटणारे कारण, याला उतरवून काढलेल्या बरोबर उत्तरापेक्षा जास्त मार्क मिळाले पाहिजेत. यात पैसा लागत नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

दुसरी, जे मशीन बंद आहे त्यावर 'बंद आहे' अशी पाटी आणि तारीख लावावी. कमिटीच्या दिवशीसुद्धा! दुरुस्तीला किती दिवस लागले ते तरी सगळ्यांना दिसेल. एखाद्या बॅचने ते दुरुस्त केले तर तेच त्यांचे मिनी प्रोजेक्ट समजावे. तयार मिळणारे प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

तिसरी मागणी आपल्याकडे. ड्रॉइंगमध्ये, प्रोग्रॅममध्ये, प्रोजेक्टच्या मॉडेलमध्ये काहीही बदल केला तर तो तारखेसह लिहायचा. रिव्हिजनचा रकाना भरायचा. गुपचूप केलेली सुधारणासुद्धा माणसे मारू शकते, हे त्या इग्निशन स्विचने दाखवून दिले आहे.

काही जण म्हणतील, आपण नंदुरबारसारख्या टोकाच्या जिल्ह्यातले, आपल्याला कोण विचारतो? मला उलट वाटते. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना नाव वारशाने मिळते, आपल्याला ते कमवावे लागणार आहे. मोलगी, धडगावकडून आलेली, घरात पहिल्यांदाच कोणी इंजिनिअर होतोय अशी मुले आपल्या बाजूच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या गावात उद्या पाणी योजनेचा पंप, सोलरचा पॅनेल, घाटातला पूल यांवर यांच्यापैकीच कोणाची तरी सही असेल. तिथे अनअकाउंटेड लॉस मागून सरकवता येणार नाही.

जानेवारी २०१४ पासून जनरल मोटर्सच्या प्रमुख असलेल्या मेरी बारा वयाच्या अठराव्या वर्षी याच कंपनीत शिकाऊ म्हणून लागल्या होत्या, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. प्रमुख होऊन दोन महिने होत नाहीत तोच त्यांच्यासमोर तो इग्निशन स्विच येऊन पडला. दुसऱ्या कोणी तरी बारा वर्षांपूर्वी केलेल्या सहीचे उत्तर त्यांना संसदेत उभे राहून द्यावे लागले. सही अशीच असते, करणारा विसरतो आणि ती कधी तरी कोणाच्या तरी टेबलावर पोचते.

पुढच्या सत्राची प्रॅक्टिकल्स लवकरच सुरू होतील. सगळ्या कॉलेजने एकदम बदलावे अशी माझी अपेक्षा नाही. एका लॅबमधल्या एका बॅचने ठरवावे की या वेळी जे आले तेच लिहायचे, आणि एका सरांनी ठरवावे की त्यावर लाल पेनने 'रिपीट' न लिहिता 'का?' एवढेच विचारायचे. सध्या तेवढे पुरे आहे.